झाडांखालची जमीन : लायडार नोंदींतून रान वजा करण्याचे शास्त्र

उंचीचा नकाशा हाती आला की त्यावरील आकडा जमिनीचाच आहे, असे पाहणारा सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात विमानातून किंवा अवकाशातून मोजलेली उंची पुष्कळदा जमिनीची नसते. ती झाडांच्या शेंड्यांची, घरांच्या छपरांची, पुलांच्या पाठीची असते. उघड्या माळरानावर या फरकाने फारसे काही बिघडत नाही. सह्याद्रीच्या उतारावर दाट रान, सड्याच्या कडेला काजूच्या बागा आणि खाडीकाठी खारफुटी असलेल्या गोव्यासारख्या प्रदेशात मात्र हा फरक वीस-पंचवीस मीटरपर्यंत जाऊ शकतो. पावसाचे पाणी कोणत्या बाजूला वळेल, बंधारा कोठे घालावा, भरतीचे पाणी कोणत्या वाड्यापर्यंत पोचेल, या प्रश्नांची उत्तरे झाडांच्या शेंड्यांवरून काढली तर ती चुकणारच.

हा विषय गोव्याला आता परका राहिलेला नाही. जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतील वनक्षेत्रांच्या लायडार सर्वेक्षणावर आधारलेले प्रकल्प अहवाल प्रसिद्ध केले. त्या दहा राज्यांत गोवा आणि महाराष्ट्र यांचा समावेश होता. वन्यप्राणी पाणी-चाऱ्याच्या शोधात वस्तीकडे वळू नयेत यासाठी रानातच पाणी कोठे अडवता येईल, हे ठरवणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत संपूर्ण देशाचे उच्च अचूकतेचे उंचीचे प्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशासाठी एक ते तीन मीटर, ही त्यातील अपेक्षा आहे. ती पुरी करायची तर विमानातून आलेल्या नोंदींतून झाडे वेगळी काढावी लागतात. हे काम कसे चालते आणि त्यात कोठे चूक होऊ शकते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रकाशाचे मोजमाप

लायडारचे मूळ तत्त्व साधे आहे. विमानाच्या पोटाशी बसवलेले यंत्र खाली लेसर प्रकाशाचा क्षणिक स्पंद सोडते. तो कशावर तरी आदळून परत येतो. जाण्या-येण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. विमान ८०० मीटर उंचीवर असेल तर हा सारा प्रवास सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे पाचपट वेळात आटोपतो. असे स्पंद दर सेकंदाला लाखांच्या संख्येने सोडले जातात. विमान नेमके कोठे आहे हे उपग्रहीय स्थाननिश्चितीवरून कळते, तर त्याचा कल आणि हेलकावे यांची नोंद दुसरे एक उपकरण सतत घेत असते. या तिन्ही नोंदी जुळवल्या की प्रत्येक परतलेल्या संकेताला अक्षांश, रेखांश आणि उंची मिळते. अशा कोट्यवधी बिंदूंच्या समूहाला ‘बिंदुमेघ’ म्हणता येईल.

लेसर पाने भेदून खाली जातो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. भर दुपारी दाट रानातून चालताना जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतात. ऊन पानांतून आरपार येत नाही. पानांमधल्या फटींतून येते. लेसरचेही तसेच आहे. मात्र एक सोय अशी, की लेसरचा झोत जमिनीपर्यंत पोचेतो बराच रुंद झालेला असतो. त्यातला थोडा प्रकाश शेंड्याच्या पानावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, थोडा झुडपावरून आणि उरलासुरला जमिनीवरून. त्यामुळे एकाच स्पंदाचे दोन, तीन, चार संकेत वेगवेगळ्या क्षणी परत येतात आणि यंत्र ते स्वतंत्रपणे नोंदवते.

यावरून शेवटचा संकेत म्हणजे जमीन, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. शेवटचा संकेत एवढेच सांगतो की त्या स्पंदाला त्याखाली काही सापडले नाही. तो जमिनीपाशी थांबला, करवंदीच्या जाळीत थांबला की बांबूच्या बेटात, हे त्याला सांगता येत नाही. दाट सदाहरित रानात बहुसंख्य स्पंद जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. खरे काम येथून पुढे सुरू होते.

काराकोलचा धडा

या तंत्राची कसोटी पाहणारे एक ठळक उदाहरण मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातले आहे. तेथील काराकोल हे माया संस्कृतीचे प्राचीन नगर शतकानुशतके उष्ण कटिबंधीय अरण्याखाली दडलेले होते. आर्लन चेस आणि डायान चेस हे पुरातत्त्वज्ञ दांपत्य १९८५ पासून तेथे उत्खनन करीत होते. कोयत्याने वाट मोकळी करीत, दुर्बिणीने कोन मोजत, त्यांच्या पथकांनी सुमारे दोन तपांत २३ चौरस किलोमीटरच्या आसपास वस्तीचा नकाशा तयार केला. नगर त्याहून पुष्कळ मोठे असावे, असा त्यांचा कयास होता. पण पुराव्यासाठी आणखी कित्येक पिढ्या रान तुडवावे लागले असते.

एप्रिल २००९ मध्ये, कोरड्या ऋतूच्या अखेरीस, विमानाने २०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर फेऱ्या घातल्या. काही फेऱ्या उत्तर-दक्षिण होत्या, काही पूर्व-पश्चिम. एका दिशेने जी फट झाकलेली असते ती दुसऱ्या दिशेने उघडी सापडते, म्हणून ही आडवी-उभी वीण. दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २० बिंदू मिळाले. पण त्यांतले जमिनीपर्यंत पोचलेले सरासरी एकाहून थोडेसेच अधिक. उरलेले सारे पाने, फांद्या आणि खोडे यांच्यावर थबकलेले.

तरीही तेवढे पुरले. झाडांचे बिंदू बाजूला काढल्यावर जो नकाशा उमटला त्यात घरांची जोती, गावांना जोडणारे उंच बांधीव रस्ते आणि डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतीच्या पायऱ्या दिसू लागल्या. सर्वेक्षणाच्या जवळजवळ संपूर्ण क्षेत्रावर माणसाचा हात फिरलेला होता. विरळ वस्तीचे धर्मकेंद्र ही जुनी कल्पना मागे पडून, शेतीने वेढलेले विस्तीर्ण नगर हे चित्र पुढे आले. २०१६ मध्ये शेजारच्या ग्वातेमालात २,१४४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढ्या क्षेत्राचे सर्वेक्षण झाले आणि ६१ हजारांवर बांधकामांच्या खुणा हाती लागल्या. कंबोडियात अंकोरच्या परिसरात डेमियन इव्हान्स यांच्या पथकाने २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून केलेल्या सर्वेक्षणाने कुलेन डोंगरावरील महेंद्रपर्वत या नगरीची रस्त्यांची चौकट उजेडात आणली. या साऱ्या शोधांत लेसरइतकाच वाटा होता तो नंतर संगणकावर केलेल्या गाळणीचा.

गाळण्याच्या रीती

बिंदुमेघातील कोणता बिंदू जमिनीचा, हे बिंदूवर लिहिलेले नसते. ते शेजारच्या बिंदूंशी तुलना करून ठरवावे लागते. त्यासाठी गेल्या तीन दशकांत अनेक रीती निघाल्या. त्या सर्वांच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत : जमीन ही सर्वांत खाली असते, आणि जमीन झाडाइतकी एकाएकी उंच-सखल होत नाही.

पहिली रीत चौकटीची. एका ठरावीक आकाराची चौकट बिंदुमेघावरून सरकवत नेली जाते आणि तिच्यातील सर्वांत खालचे बिंदू लक्षात घेतले जातात. चौकट लहान असेल तर ती एखाद्या मोठ्या छपरावर पूर्णपणे मावते आणि छप्परालाच जमीन समजते. चौकट फार मोठी झाली तर टेकडीचा माथाच छाटला जातो. म्हणून चौकटीचा आकार टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची आणि प्रत्येक टप्प्यावर किती उंचीचा फरक चालवून घ्यायचा हे बदलण्याची युक्ती २००३ च्या सुमारास रूढ झाली.

दुसरी रीत त्रिकोणांच्या जाळीची. स्वीडनच्या पीटर अ‍ॅक्सेल्सन यांनी २००० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. आरंभी अगदी खालचे, खात्रीचे मोजके बिंदू निवडून त्यांच्यावर त्रिकोणांची विरळ जाळी ताणली जाते. मग उरलेल्या प्रत्येक बिंदूची परीक्षा होते : जाळीपासून तो किती दूर आहे, आणि जाळीशी तो किती कोन करतो? अंतर व कोन मर्यादेत असले तर तो जमिनीचा मानून जाळीत गुंफला जातो. जाळी दाट होत जाते, जमिनीचा आकार अधिकाधिक घेते आणि नवे बिंदू मिळेनासे झाले की प्रक्रिया थांबते.

तिसरी रीत कल्पनेला पटकन भावणारी आहे. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी ती प्रसिद्ध केली. बिंदुमेघ संगणकात उलटा केला जातो. शेंडे खाली आणि जमीन वर. मग या उलट्या भूमीवर एक काल्पनिक कापड वरून सोडले जाते. ते जेथे टेकेल ती जमीन. कापड ताठ असेल तर ते टेकड्यांच्या उलट्या, अरुंद माथ्यांत उतरत नाही आणि ते माथे नकाशातून नाहीसे होतात; कापड फार मऊ असेल तर ते झाडांच्या पोकळीतही शिरते आणि झुडपांना जमीन ठरवते. कापड किती ताठ ठेवायचे, हे संगणक ठरवीत नाही. ते माणसाला ठरवावे लागते.

याशिवाय व्हिएन्नातील क्राउस आणि फायफर यांनी १९९८ मध्ये खास वनक्षेत्रांसाठी एक रीत सुचवली होती. तीत आधी सर्व बिंदूंमधून एक सरासरी पृष्ठभाग काढतात. त्याच्या वर असलेल्या बिंदूंचे वजन कमी करतात, खालच्यांचे वाढवतात आणि हाच क्रम पुन्हापुन्हा चालवतात. पृष्ठभाग हळूहळू झाडांमधून खाली उतरत जमिनीला येऊन मिळतो.

गाळणी झाल्यावर प्रत्येक बिंदूला वर्गाचा क्रमांक दिला जातो. जगभर मान्य असलेल्या पद्धतीत २ हा क्रमांक जमिनीचा. ३, ४ आणि ५ हे कमी, मध्यम व उंच झाडोऱ्याचे. ६ हा इमारतींचा. क्रमांक २ चे बिंदू तेवढे घेऊन त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा गणिताने भरल्या की उघड्या जमिनीचे प्रतिमान तयार होते.

चुका दोन बाजूंच्या

या कामात चूक दोन प्रकारे होते. झाडाला जमीन मानणे ही एक. जमिनीला झाड मानून फेकून देणे ही दुसरी. एक कमी करायला जावे तर दुसरी वाढते.

काराकोलमधील ‘काआना’ हे बांधकाम सुमारे ४३ मीटर उंच आहे. सपाट प्रदेशासाठी बेतलेली कडक गाळणी अशा उभ्या वास्तूला झाड किंवा इमारत समजून सहज कापून टाकेल आणि पुरातत्त्वज्ञ जे शोधायला आला तेच नकाशातून पुसले जाईल. याउलट गाळणी सैल ठेवली तर प्रत्येक झुडूप जोत्यासारखे दिसू लागेल. गोव्यात हाच पेच सड्यांच्या कडेला उभा राहतो. जांभ्या दगडाचा सडा माथ्यावर सपाट असतो आणि कडेला एकदम तुटतो. जमीन एकाएकी उंच-सखल होत नाही, हे गाळणीचे मूळ गृहीतकच तेथे मोडते. कड्याचा भाग झाडोरा समजून छाटला गेला तर उताराचा कोन कमी दाखवला जातो, आणि दरड कोसळण्याचा धोका जोखताना नेमका तोच कोन महत्त्वाचा असतो.

खोटे खालचे बिंदूही त्रास देतात. लेसर दोन-तीन ठिकाणी आपटून उशिरा परतला की यंत्राला तो जमिनीखालून आल्यासारखा वाटतो. खालचा बिंदू तो जमिनीचा, असे मानणाऱ्या रीती अशा एका बिंदूवर विश्वास ठेवतात आणि सपाट शेतात काल्पनिक खड्डा उमटतो. म्हणून गाळणीपूर्वी असे बिंदू वेचून काढावे लागतात.

ठेंगण्या वनस्पतींचा प्रश्न याहून अवघड आहे. लेसरचा स्पंद क्षणिक असला तरी त्याला लांबी असते. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. स्पंद अशा पाच भागांइतका टिकला, तर पाऊण मीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तूंचे संकेत एकमेकांत मिसळतात. गुडघाभर गवत आणि त्याखालची माती यंत्राला वेगळी दिसत नाही. नोंद दोहोंच्या मधली कोठेतरी होते आणि जमीन थोडी उंच ठरते. उंच झाड ओळखून काढणे त्यामानाने सोपे; गवत, भातपीक आणि दाट खारफुटी यांनी फसवणे अधिक सोपे.

२००४ मध्ये सिथोले आणि व्होसेलमन या संशोधकांनी आठ वेगवेगळ्या गाळण्यांची तुलना प्रसिद्ध केली. सौम्य चढउताराच्या प्रदेशात बहुतेक साऱ्या समाधानकारक ठरल्या. तीव्र उतार, दाट झाडोरा आणि गुंतागुंतीची वस्ती आली की साऱ्यांचीच परीक्षा झाली. त्यानंतर रीती सुधारल्या, यंत्रशिक्षणाचीही जोड मिळाली, तरी कोणतीही एक गाळणी सर्व भूमीला चालत नाही, हा निष्कर्ष बदललेला नाही.

ऋतूची निवड

गाळणी कितीही कुशल असली तरी जमिनीवर न पोचलेला प्रकाश ती निर्माण करू शकत नाही. म्हणून उड्डाण केव्हा करावे, याला मोठे महत्त्व आहे. माट्टी, किंदळ, नाणा यांसारखी पानझडी झाडे उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकतात आणि तेव्हा रानात प्रकाशाला वाट मिळते. पावसाळ्यानंतर लगेच केलेले सर्वेक्षण त्याच रानात कितीतरी कमी जमीन दाखवील. सदाहरित पट्टे, काजूच्या बागा आणि खारफुटी यांना मात्र ऋतूचा असा आधार नाही. तेथे कमी उंचीवरून, अधिक दाट स्पंदांनी आणि आडव्या-उभ्या फेऱ्यांनीच काम भागवावे लागते.

जेथे जमिनीचा एकही बिंदू मिळाला नाही, तेथे संगणक आजूबाजूच्या बिंदूंवरून पृष्ठभाग ओढून घेतो. तयार नकाशात मोजलेली जमीन आणि अशी अंदाजाने भरलेली जमीन सारखीच गुळगुळीत दिसते. म्हणून जाणकार नुसता नकाशा पाहून समाधान मानत नाहीत. जमिनीचे बिंदू कोठे दाट आणि कोठे विरळ आहेत, याचा वेगळा तक्ता ते मागतात. अचूकतेचा आकडा उघड्या रस्त्यावर तपासलेला आहे की झाडीत, हेही विचारतात. कारण दोन्ही ठिकाणचा आकडा निराळा असतो आणि चांगल्या अहवालात तो निराळा दिलेला असतो.

पाणी कोठे जाणार?

पाण्याच्या कामासाठी झाडे काढणे पुरेसे नसते. ओढ्यावरचा पूल लेसरला जमिनीसारखाच दिसतो. तो प्रतिमानात तसाच राहिला तर संगणकाच्या लेखी तेथे बांध पडतो, पाणी अडते आणि वरच्या अंगाला कधीही न येणारा पूर दाखवला जातो. रस्त्याखालची मोरी वरून दिसत नाही. ती हाताने नोंदवावी लागते. उलट खरा मातीचा बांध झुडपांनी झाकलेला असेल, आणि गाळणीने त्याला झुडपांसकट छाटले, तर नसलेला पूर आत शिरताना दिसतो.

खाजन शेतीच्या संदर्भात ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. खाजनाची जमीन मुळात भरतीच्या पातळीखाली असते. बांध आणि मानस यांच्या आधाराने ती पिकते. काही मीटर रुंदीचा तो बांध नकाशात टिकला की नाही, यावर पुराच्या साऱ्या गणिताचा निकाल अवलंबून असतो. त्याच्या कडेने खारफुटी वाढलेली असेल तर गाळणीला बांध कोणता आणि झाडोरा कोणता, हे ओळखणे कठीण जाते. तेथे पायी जाऊन केलेल्या मोजणीला पर्याय नाही.

झाडे न काढता तयार केलेल्या नकाशाने किती दिशाभूल होते, याचे जागतिक प्रमाण २०१९ मध्ये समोर आले. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली होती. ती माहिती मोफत असल्याने जगभर वापरली गेली. पण रडारची ती उंची झाडे आणि इमारती यांच्यासह होती. स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी अमेरिकेतील लायडार नोंदी प्रमाण मानून संगणकाला ही चूक ओळखायला शिकवले आणि किनाऱ्याची उंची नव्याने काढली. त्यांच्या हिशेबाने आजच्या भरतीच्या पातळीखालील जमिनीवर सुमारे ११ कोटी लोक राहतात. जुन्या माहितीवरून येणारे आकडे याच्या चौथ्या हिश्श्याच्या घरात होते. समुद्र तोच होता, गावेही तीच होती. फक्त शेंड्यांना आणि छपरांना जमीन समजल्यामुळे कोट्यवधी माणसे कागदोपत्री सुरक्षित ठरली होती. यातले बरेच लोक बांधांच्या आड राहतात, म्हणून ते आज पाण्यात आहेत असे नव्हे. परंतु ज्या बांधावर आपले घर अवलंबून आहे हे ठाऊकच नाही, त्याची डागडुजी कोण करील?

वजा केलेल्याचेही मोल

पुरातत्त्वज्ञाला नको असलेली झाडे वनशास्त्रज्ञाला हवी असतात. काराकोलच्या सर्वेक्षणात चेस दांपत्याचे सहकारी जॉन वाइशाम्पेल हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. लायडारकडे ते अरण्याची रचना अभ्यासण्याच्या वाटेने आले होते. शेंड्यांच्या पृष्ठभागातून जमिनीचा पृष्ठभाग वजा केला की झाडांची उंची मिळते, आणि तिच्यावरून रानात किती कार्बन साठला आहे याचा अंदाज बांधता येतो. येथेही सारे जमिनीच्या अचूकतेवर येऊन ठेपते. जमीन दोन मीटर उंच धरली तर त्या रानातले प्रत्येक झाड दोन मीटरने खुजे ठरते आणि रानाची किंमतही तेवढी घटते.

गोव्याच्या किंवा अन्य कोणत्याही राज्याच्या आराखड्यात यापुढे लायडारचे नकाशे आधार म्हणून येत राहतील. रंगीत, रेखीव नकाशा पाहून त्याला निर्विवाद मानण्याची घाई नको. उड्डाण कोणत्या महिन्यात झाले, दर चौरस मीटरला जमिनीचे बिंदू किती मिळाले, गाळणी कोणती वापरली, झाडीत जाऊन किती ठिकाणी पडताळणी केली आणि बांध, पूल, मोऱ्या यांची नोंद वेगळी घेतली की नाही, हे पाच प्रश्न कोणत्याही ग्रामसभेत विचारता येण्याजोगे आहेत. आपल्या गावातला बांध कोठे आहे आणि ओढा कोणत्या वळणाने जातो, हे ग्रामस्थांना नकाशा येण्यापूर्वीपासून ठाऊक असते. नकाशा आणि ही माहिती जुळत नसेल, तर गाळणी पुन्हा तपासण्याची मागणी करणे हा त्यांचा हक्क आहे.